जबड्याचा सांधा : विकार, संशोधन आणि एकत्रित उपचार

कानाच्या भोकाच्या अगदी पुढे खालचा जबडा कवटीला जोडलेला असतो. तिथे बोट ठेवून तोंड उघडले, की त्वचेखाली हाडाचे एक गोलसर टोक आधी जागच्या जागी फिरते आणि मग पुढे सरकते. फिरणे आणि सरकणे या दोन्ही हालचाली एकाच सांध्यात इतक्या प्रमाणात क्वचितच आढळतात. तोंड पहिले वीस-पंचवीस मिलिमीटर उघडते ते मुख्यतः फिरण्यामुळे, त्यापुढचे सरकण्यामुळे. निरोगी प्रौढ माणसाचे तोंड साधारण ४० ते ५५ मिलिमीटर उघडते, म्हणजे स्वतःची तीन बोटे एकावर एक धरून पुढच्या दातांमध्ये बसतील इतके. उजवा आणि डावा असे दोन सांधे एकाच हाडाला बांधलेले असल्याने एकाला विश्रांती देऊन दुसऱ्यावर काम चालवण्याची सोय नाही. बोलणे, चावणे, गिळणे, जांभई, गाणे, हसणे यांतले काहीही या जोडीशिवाय होत नाही, त्यामुळे दुखऱ्या जबड्याला प्लास्टरमध्ये घालून महिनाभर गप्प बसवता येत नाही.

हाडाचे टोक आणि कवटीतली खोबण यांच्यामध्ये तंतुमय कूर्चेची एक चकती असते. ती सांध्याचे वरचा आणि खालचा असे दोन कप्पे करते. वरच्या कप्प्यात सरकणे घडते, खालच्यात फिरणे. चकती जागेवरून पुढे सरकली, की तोंड उघडताना हाडाचे टोक तिच्यावर चढते आणि ‘कट्’ असा आवाज येतो. काही वेळा चकती पुढेच अडकून राहते. मग आवाज थांबतो, पण तोंडही पूर्ण उघडत नाही. या चकतीने गेल्या शतकात शल्यचिकित्सकांचे लक्ष फार वेधून घेतले, गरजेपेक्षा जास्तच. एमआरआय तपासणी सर्रास होऊ लागल्यावर असे दिसले, की कसलाही त्रास नसलेल्या लोकांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांचीही चकती जागेवर नसते. जबडा नुसता वाजतो, दुखत नाही आणि अडकतही नाही, अशा माणसाला बहुधा उपचाराची गरज नसते. दवाखान्यात हे त्याला स्पष्ट सांगायला हवे, कारण अनावश्यक उपचारांची वाट अनेकदा या निरुपद्रवी आवाजापासूनच सुरू झालेली आहे.

जबड्याचा सांधा आणि तो हलवणारे स्नायू यांच्या तीसहून अधिक विकारांना वैद्यकात मिळून ‘टीएमडी’ म्हणतात. यात एकच आजार नाही. गालाच्या आणि कानशिलाच्या स्नायूंचे दुखणे हा त्यातला सर्वांत मोठा गट. त्याखेरीज सांध्याची वेदना, चकतीचे सरकणे, हाडाची झीज, संधिवाताने सांध्यावर केलेला हल्ला, जबडा निखळणे, कानशिलाच्या स्नायूंतून उठणारी डोकेदुखी आणि क्वचित गाठी हेही याच नावाखाली येतात. रुग्ण ‘टीएमजे झाला आहे’ असे सांगतो तेव्हा तो खरे तर सांध्याचे नाव सांगत असतो. त्या सांध्याला किंवा त्याच्या शेजाऱ्यांना नेमके काय झाले, हा प्रश्न तिथून सुरू होतो.

अमेरिकेतल्या पाहणीनुसार तिथल्या सुमारे पाच टक्के प्रौढांना, म्हणजे एक कोटी दहा-वीस लाख लोकांना, जबड्याच्या सांध्याच्या भागात दुखते. पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांमध्ये हे प्रमाण जवळपास दुप्पट भरते आणि उपचार शोधत दवाखान्यापर्यंत येणाऱ्यांत स्त्रियांचा वाटा आणखी वाढतो. अनेकांचे दुखणे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत साध्या उपायांनी, कधी उपायांविनाही थांबते. ज्यांचे थांबत नाही त्यांच्यात एक लक्षणीय गोष्ट दिसते. जबड्याबरोबर त्यांना अर्धशिशी, कंबरदुखी, आतड्याची अतिसंवेदनशीलता, मूत्राशयाची वेदना, सर्वांगदुखीचा फायब्रोमायल्जिया असे दुसरेही काही असते. जबड्यापुरतेच पाहणाऱ्या डॉक्टरला हे दिसत नाही, कारण तो विचारत नाही. पोटाच्या डॉक्टरला आपला जबडा दुखतो हे सांगावे, असे रुग्णालाही सुचत नाही.

हा सांधा कोणाच्या अखत्यारीत येतो, हा प्रश्न गमतीचा वाटला तरी रुग्णाला तो फार महाग पडलेला आहे. कान दुखतो म्हणून माणूस कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जातो. सांध्याची आणि कानाच्या पुढच्या भागाची संवेदना एकच मज्जातंतू वाहून नेतो, त्यामुळे सांध्याचे दुखणे कानाचे भासते. कान स्वच्छ निघाला की डोके दुखते म्हणून मेंदूविकारतज्ज्ञ, चावताना दुखते म्हणून दंतवैद्य, मान अवघडते म्हणून अस्थितज्ज्ञ अशी फेरी सुरू होते. प्रत्येक जण आपल्या हातातले हत्यार चालवतो. एखादी दाढ काढली जाते, तिच्या शेजारची रूटकॅनॉल होते, कानात थेंब पडतात, वेदनाशामक गोळ्यांची पाकिटे संपतात. या विखुरलेपणाची मुळे जुनी आहेत. १८४० साली बाल्टिमोर येथे जगातले पहिले दंतमहाविद्यालय वैद्यकीय महाविद्यालयापासून वेगळे उभे राहिले आणि दात एकीकडे, उरलेले शरीर दुसरीकडे अशी शिक्षणाची वाटणी पुढे जगभर रुजली. भारतातही दंतवैद्यकाचा कायदा, परिषद आणि महाविद्यालये स्वतंत्रच राहिली. अमेरिकेत तर विम्याचीही अशीच वाटणी झाली. वैद्यकीय विमा हा दातांचा प्रश्न म्हणून हात झटकतो, दातांचा विमा हा सांध्याचा प्रश्न म्हणून. सीमारेषेवरचा हा सांधा दोन्ही बाजूंच्या अभ्यासक्रमांत थोडाच शिकवला गेला.

कारणांच्या शोधाचा इतिहासही असाच एकेका शाखेच्या खिडकीतून पाहिलेला आहे. १९३४ मध्ये सेंट लुइसचे कान-नाक-घसा तज्ज्ञ जेम्स कॉस्टन यांनी अकरा रुग्णांवरून एक लक्षणसमूह मांडला. दाढा पडल्या की जबडा जास्त मिटतो, त्याचे टोक मागे जाऊन कानाजवळच्या नळीवर आणि मज्जातंतूंवर दाब आणते, असे त्यांचे म्हणणे होते. शरीररचनाशास्त्रज्ञ हॅरी सिकर यांनी १९४८ मध्ये दाखवून दिले, की रचनेकडे पाहता असा दाब पडणे पटण्यासारखे नाही. उपपत्ती मागे पडली, पण तिच्यातली एक कल्पना पक्की बसली : दात नीट मिळत नाहीत म्हणून सांधा दुखतो. पुढची काही दशके दंतवैद्य या कल्पनेपोटी दातांचे उंचवटे घासत राहिले, चाव्याची उंची वाढवत राहिले, तोंडभर मुकुट बसवत राहिले. दातांची ठेवण हे या वेदनेचे मुख्य कारण असल्याचा पुरावा शोधूनही तुटपुंजाच निघाला. घासलेले दात मात्र पुन्हा उगवले नाहीत.

१९५०च्या दशकात न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात लास्लो श्वार्ट्झ यांनी स्नायूंकडे लक्ष वेधले. १९६९ मध्ये शिकागोचे डॅनियल लास्किन यांनी ताण, दात आवळणे आणि स्नायूंचा थकवा यांची साखळी मांडली. इथे प्रथमच रुग्णाचे मन आणि त्याची दिनचर्या यांना तपासणीत जागा मिळाली. पण याचीही एक वाईट बाजू निघाली. तपासणीत काही सापडले नाही, की ‘मनाचे खेळ आहेत’ असे म्हणून बाईला परत पाठवणे सोपे झाले. १९७०च्या दशकात सांध्यात रंगद्रव्य सोडून काढलेल्या क्ष-किरण चित्रांमुळे सरकलेली चकती डोळ्यांना दिसू लागली आणि पारडे पुन्हा फिरले. दिसणारा दोष दुरुस्त करता येतो या विश्वासाने शस्त्रक्रियांची लाट आली.

त्या लाटेतून जे घडले ते या विषयाच्या प्रत्येक अभ्यासकाने तपशिलात वाचले पाहिजे. खराब झालेली चकती काढून टाकल्यावर तिथे काहीतरी बसवायचे म्हणून टेक्सासमधील ह्यूस्टनच्या विटेक या कंपनीने प्रोप्लास्ट-टेफ्लॉनचा एक तुकडा बाजारात आणला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९८३ मध्ये त्याला मान्यता दिली ती आधीच्या उत्पादनाशी साधर्म्य असल्याच्या आधारावर. माणसांवरच्या दीर्घ चाचण्या त्यासाठी लागल्या नाहीत. चावण्याच्या दाबाखाली टेफ्लॉन झिजले, त्याचे बारीक कण सांध्यात पसरले, त्या कणांना गिळायला शरीराने राक्षसी पेशींची फौज पाठवली आणि त्या फौजेने हाडच कुरतडायला सुरुवात केली. जबड्याची टोके विरघळली. काही रुग्णांत कवटीच्या तळाला भोक पडून मेंदूच्या आवरणापर्यंत मजल गेली. १९९० मध्ये कंपनी दिवाळखोरीत निघाली आणि १९९०-९१ मध्ये प्रशासनाने इशारे देऊन रोपणे परत बोलावली. तोवर हजारो लोकांच्या, त्यातही मुख्यतः तरुण आणि मध्यमवयीन स्त्रियांच्या, चेहऱ्यात ती बसलेली होती. एकेका रुग्णावर पुढे शस्त्रक्रियेमागून शस्त्रक्रिया झाल्या. १९९२ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे या प्रकरणाची सुनावणी झाली. नंतर या सांध्यातली सर्व रोपणे सर्वाधिक कडक तपासणीच्या वर्गात टाकली गेली. आज कृत्रिम सांधे उपलब्ध आहेत. रुग्णाच्या सीटी स्कॅनवरून खास त्याच्यासाठी घडवलेला सांधाही बसवता येतो, आणि सांधा पूर्ण उद्ध्वस्त झालेल्यांना त्याचा खरा आधार मिळतो. १९८०च्या दशकात कमतरता कौशल्याची नव्हती. शल्यचिकित्सक, पदार्थविज्ञानाचे जाणकार, रोगप्रतिकारशास्त्राचे अभ्यासक आणि रुग्णांची नोंद ठेवणारी यंत्रणा हे सगळे एका टेबलाशी कधी बसलेच नाहीत.

रुग्णांनी मग ते टेबल स्वतः मांडायला घेतले. १९८६ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी शहरात टेरी काउली यांनी ‘द टीएमजे असोसिएशन’ या संस्थेच्या स्थापनेत पुढाकार घेतला. त्या स्वतः या विकाराच्या रुग्ण होत्या. संस्थेने रुग्णांची पत्रे जमवली, संसदेपुढे साक्षी दिल्या, राष्ट्रीय आरोग्य संस्थांकडे संशोधनाच्या निधीसाठी तगादा लावला आणि वेगवेगळ्या शाखांच्या शास्त्रज्ञांच्या बैठका भरवल्या. मूत्राशय, आतडे, सांधे, मेंदू यांवर काम करणारे संशोधक जबड्याच्या रुग्णांकडे पाहू लागले त्यात या बैठकांचा वाटा मोठा आहे. अनेक आजारांत रुग्णसंघटना निधी गोळा करतात. इथे त्यांनी संशोधनाचा प्रश्नच बदलून घेतला. एका सांध्यात काय बिघडले, याच्या जोडीला या माणसाच्या शरीरात वेदना इतकी का टिकून राहते, हेही विचारले जाऊ लागले.

एकत्र काम करायचे तर आधी एकच भाषा हवी. १९९० पर्यंत एका दवाखान्यातला टीएमडी आणि दुसऱ्यातला टीएमडी यांचा मेळ बसेल याची खात्री नव्हती, त्यामुळे अभ्यासांची तुलना करणे व्यर्थ होते. १९९२ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाचे सॅम्युएल ड्वोर्किन आणि लिंडा लेरेश यांनी संशोधनासाठी निदानाचे निकष प्रसिद्ध केले. तोंड किती मिलिमीटर उघडते, स्नायूवर कुठे आणि किती दाब द्यायचा, कोणत्या शब्दांत प्रश्न विचारायचा, हे सर्व त्यांनी ठरवून दिले. त्या निकषांचा गाभा दोन अक्षांचा होता. पहिल्या अक्षावर शारीरिक निदान, दुसऱ्यावर वेदनेने माणसाचे आयुष्य किती व्यापले आहे याचे मोजमाप : काम बुडते का, झोप लागते का, उदासी किंवा चिंता आहे का, शरीरात आणखी कुठे दुखते. दुसरा अक्ष पहिल्याच्या बरोबरीने मोजला पाहिजे, ही अट घालणे ही त्या निकषांची खरी देणगी. अनेक विद्यापीठांनी मिळून शेकडो रुग्णांवर निकष पडताळले, चुका दुरुस्त केल्या आणि २०१४ मध्ये एरिक शिफमन, रिचर्ड ओहरबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दवाखान्यातही वापरता येईल अशी सुधारित आवृत्ती दिली. वेदनेच्या मुख्य प्रकारांत तिची अचूकता चांगली आहे. चकतीच्या बहुतेक बिघाडांचे निदान मात्र हाताने तपासून पक्के होत नाही, त्याला एमआरआय लागते, हेही त्याच अभ्यासाने प्रामाणिकपणे नोंदवले. निकषांची अनेक भाषांत रूपांतरे झाली. २०२० मध्ये चेहरा आणि तोंडाच्या वेदनांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण आले तेव्हा दंतवैद्यकाच्या संघटना आणि डोकेदुखीच्या अभ्यासकांची संघटना यांनी ते मिळून तयार केले. १८४० च्या वाटणीनंतर हे घडायला बराच काळ लागला.

सहयोगी संशोधनाचे या क्षेत्रातले सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे ‘ओपेरा’ या लघुनावाने ओळखला जाणारा अभ्यास. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचे विल्यम मॅक्स्नर यांच्या नेतृत्वाखाली चॅपेल हिल, बाल्टिमोर, बफेलो आणि गेन्सव्हिल या चार ठिकाणी तो झाला. त्याआधीचे बहुतेक अभ्यास आजारी माणसे गोळा करून सुरू होत. दुखणाऱ्या माणसाची झोप उडालेली दिसली, तर झोप उडाल्याने दुखू लागले की दुखण्याने झोप उडाली, हे अशा अभ्यासातून कळत नाही. ओपेराने वाट बदलली. टीएमडी नसलेल्या, १८ ते ४४ वयाच्या तीन हजारांहून अधिक लोकांची आधी कसून तपासणी केली आणि मग काही वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले. त्यांत दर वर्षी सुमारे चार टक्के लोकांना हा त्रास नव्याने सुरू झाला. कोणाला तो होणार, याचे संकेत जबड्यात कमी आणि इतरत्र जास्त मिळाले. इतर दुखणी आणि आजार किती आहेत, अंगात बारीकसारीक तक्रारी किती आहेत, झोप बिघडत चालली आहे का, या गोष्टी भविष्य सांगण्यात वरचढ ठरल्या. जबड्याला मार बसणे हाही धोका ठरला, पण तो एकटा पुरेसा नव्हता. स्त्री-पुरुषांतला फरक नव्याने त्रास सुरू होण्यात तितका मोठा दिसला नाही. तो रेंगाळण्यात जास्त दिसतो. म्हणजे स्त्रियांच्या बाबतीत ‘का सुरू झाले’ यापेक्षा ‘का थांबत नाही’ याचा शोध जास्त निकडीचा आहे. दंतवैद्य, आनुवंशशास्त्रज्ञ, मानसशास्त्रज्ञ, संख्याशास्त्रज्ञ आणि मज्जाशास्त्रज्ञ एका चमूत नसते, तर हा प्रश्न अशा रीतीने विचारताच आला नसता.

पेशींच्या पातळीवरही असेच प्रयत्न सुरू आहेत. चॅपेल हिलच्या गटाने २००५ मध्ये कॉम्ट या जनुकाच्या काही रूपांचा वेदनेच्या संवेदनशीलतेशी आणि टीएमडी सुरू होण्याशी संबंध दाखवला. एका जनुकावर सगळे खापर फोडण्याचा उत्साह पुढे ओसरला, पण वेदना मोठी करणारी यंत्रणा मज्जासंस्थेत असते, या दिशेने काम पक्के झाले. जबड्याकडून निघालेले संदेश मेंदूच्या देठात पोचतात तिथेच मानेचे आणि कवटीच्या आवरणाचे संदेशही येतात. म्हणून मान आखडलेल्या माणसाला जबडा दुखतो आणि जबडा दुखणाऱ्याला डोके. २०२२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी सुरू केलेल्या ‘री-जॉइन’ या सहकार्यात गुडघ्याचे आणि जबड्याचे अभ्यासक मिळून सांध्यातल्या वेदनातंतूंचा नकाशा काढत आहेत. गुडघ्यावर कितीतरी अधिक संशोधन झालेले आहे. त्याच्या शेजारी जबड्याला बसवणे ही फार शहाणपणाची योजना आहे.

मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान, अभियांत्रिकी आणि वैद्यक अकादमींनी टीएमडीच्या संशोधन आणि उपचारांच्या अग्रक्रमांवर सविस्तर अहवाल दिला. त्याच आठवड्यात कोविडची जागतिक साथ जाहीर झाल्याने बाहेर त्याची फारशी चर्चा झाली नाही. अहवालाने उपचारांच्या विस्कळीतपणाचे वर्णन भिडस्तपणा न करता केले आणि रुग्णांच्या साक्षींना पुराव्याइतकाच मान दिला. राष्ट्रीय पातळीवर संशोधनाचा सहकार्यसंघ उभारावा, बहुशाखीय उपचारांची उत्कृष्टता केंद्रे काढावीत, वैद्यकीय आणि दंत महाविद्यालयांत हा विषय नीट शिकवावा, विम्यातली फट बुजवावी, अशा त्याच्या शिफारशी आहेत. त्याच महिन्यात चेहरा आणि तोंडाच्या वेदनेला अमेरिकेत दंतवैद्यकाची स्वतंत्र विशेषशाखा म्हणून मान्यताही मिळाली.

उपचारांबाबत सध्या जे ठामपणे सांगता येते ते नवीन यंत्रांच्या जाहिरातींशी फारसे जुळत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने दीर्घकालीन टीएमडी वेदनेसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ती ठरवणाऱ्या गटात डॉक्टरांबरोबर रुग्णही होते आणि दोनशेहून अधिक चाचण्यांचा त्यांनी तौलनिक विचार केला. ज्यांची शिफारस झाली ते उपाय असे : वेदनेला सामोरे जाण्याचे मानसोपचार, फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली जबड्याचे आणि मानेचे व्यायाम, हाताने स्नायू मोकळे करणे, आणि घरी करायच्या व्यायामासह रुग्णाला नीट समजावून देणे. दवाखान्यांत सर्रास दिला जाणारा, दातांवर बसवायचा काढता-घालता येणारा स्प्लिंट, सांधा धुण्याची प्रक्रिया, बोटॉक्स, लेझर, सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन यांच्याबाबत कल विरोधात गेला. हा विरोध सशर्त आहे, म्हणजे विशिष्ट रुग्णात त्यांचा विचार होऊ शकतो. कायमस्वरूपी बसवायचे स्प्लिंट, चकती काढून टाकणे आणि अफूजन्य वेदनाशामके यांना मात्र ठाम नकार मिळाला. या मार्गदर्शकावर दंतवैद्यांच्या वर्तुळात मतभेद आहेत, विशेषतः स्प्लिंटबाबत. रात्री दात खाणाऱ्याचे दात झिजू नयेत म्हणून दिलेला नाइट गार्ड ही वेगळी गोष्ट आहे, आणि तिची गल्लत वेदनेच्या उपचाराशी करू नये.

समजावून देणे हा शब्द साधा वाटतो, पण त्यात पुष्कळ काही येते. दात फक्त चावताना आणि गिळतानाच एकमेकांना लागावेत, एरवी ओठ मिटलेले आणि दात सुटे असावेत. जांभई देताना हनुवटीला आधार द्यावा. काही दिवस मऊ भात, खिचडी, शिजलेली भाजी खावी, पण महिनोन्‌महिने मऊ खाऊन स्नायू दुबळे करू नयेत. गालाला ऊबदार शेक द्यावा. फोन खांद्यात धरून बोलू नये. झोपेकडे लक्ष द्यावे. हे सांगायला पंधरा मिनिटे लागतात आणि त्याचे शुल्क कोणी देत नाही, म्हणून ते सांगितले जात नाही. एकत्रित उपचार म्हणजे प्रत्येक रुग्णाला सात तज्ज्ञ दाखवणे नव्हे. बहुतेकांना एक जाणता दंतवैद्य किंवा डॉक्टर आणि एक फिजिओथेरपिस्ट पुरतो. ज्यांची वेदना पसरलेली आणि जुनी आहे त्यांनाच मोठ्या चमूची गरज असते, आणि तिथे एकाने सूत्रधार व्हावे लागते. नाहीतर चमूतही रुग्ण पुन्हा फिरतच राहतो.

लहान मुलांच्या बाबतीत हे सहकार्य जास्तच महत्त्वाचे आहे. बालसंधिवातात हा सांधा वेदना न देताही झिजू शकतो आणि खालच्या जबड्याची वाढ खुंटते. रक्ततपासण्या पाहणाऱ्या संधिवाततज्ज्ञाला ते दिसत नाही, तोंड पाहणाऱ्या दंतवैद्याला संधिवात आठवत नाही. म्हणून संधिवाततज्ज्ञ, क्ष-किरणतज्ज्ञ, वक्रदंतचिकित्सक आणि शल्यचिकित्सक यांचा ‘टीएमजॉ’ हा आंतरराष्ट्रीय गट केवळ याच सांध्याच्या तपासणीचे निकष ठरवतो. भारतात मुलांमधला दुसरा मोठा प्रश्न सांधा सांधून जाण्याचा, म्हणजे जबडा कवटीला हाडाने चिकटण्याचा आहे. मूल हनुवटीवर पडते, जखमेला टाके पडतात, पण आघात हाडातून वर जाऊन सांध्याजवळचे टोक मोडले आहे हे कोणी पाहत नाही. काही वेळा कानातून पू येण्याकडे झालेले दुर्लक्ष याच्या मुळाशी असते. काही वर्षांत तोंड बोटभरही उघडेनासे होते, हनुवटी मागे राहते, श्वासमार्ग अरुंद होऊन झोपेत श्वास अडतो. शस्त्रक्रियेच्या दिवशी पहिली कसोटी भूलतज्ज्ञाची लागते, कारण न उघडणाऱ्या तोंडातून श्वासनळीत नळी घालता येत नाही. ती नाकावाटे दुर्बिणीच्या मदतीने घालावी लागते. सांधा मोकळा केल्यावर महिनोन्‌महिने कसून व्यायाम करून घेतला नाही तर हाड पुन्हा सांधते. खेड्यातल्या कुटुंबाला व्यायामासाठी दर आठवड्याला शहरात येणे परवडत नाही, हे लक्षात घेऊन ठरवलेली योजनाच टिकते.

महाराष्ट्रातल्या वाचकाने आणखी एक भेद ध्यानात ठेवायला हवा. तोंड कमी उघडणे म्हणजे दर वेळी सांध्याचा विकार नसतो. सुपारी आणि गुटख्यामुळे गालाच्या आतले अस्तर कडक होऊन तोंड आवळत जाते. तिखट सोसत नाही, गाल पांढुरके आणि ताठर लागतात. हा कर्करोगपूर्व विकार आहे. २००४ मध्ये सुपारी कर्करोगकारक ठरवली गेली आणि महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे, तरी असे तरुण दंतमहाविद्यालयांच्या बाह्यरुग्ण विभागात येतच असतात. त्यांना सांध्याचे व्यायाम देऊन घरी पाठवणे ही घातक चूक ठरते. त्याचप्रमाणे पन्नाशीनंतर नव्याने कानशील दुखू लागले, चावताना गाल दुखून थांबावे लागले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली, तर रक्तवाहिनीच्या दाहाची शंका घेऊन त्याच दिवशी तपासणी व्हावी, कारण उशीर झाल्यास दृष्टी जाऊ शकते.

भारतात या विकारांची निदाने एकसारख्या निकषांनी नोंदवली गेली, तर पुढची पाच-दहा वर्षे पुष्कळ काही शिकवतील. त्यासाठी मोठ्या यंत्रांची गरज नाही. तोंड किती उघडते हे मोजायची पट्टी, ठरावीक प्रश्नावली, ती रुग्णाच्या भाषेत, आणि वैद्यकीय व दंत महाविद्यालयांमध्ये रुग्ण पाठवण्याचा खुला मार्ग, एवढ्यावर सुरुवात होते. पुष्कळ शहरांत ही दोन महाविद्यालये एकाच आवारात किंवा रस्त्याच्या दोन बाजूंना आहेत. कान-नाक-घसा विभागाने कानात दोष न सापडलेल्या रुग्णाचा जबडा दाबून पाहावा आणि दंतवैद्याने जबडा दुखणाऱ्याला त्याची झोप, डोकेदुखी आणि पोट यांबद्दल विचारावे. आणि जबडा दुखतो म्हणून आलेल्या माणसाच्या दातांचे उंचवटे घासणे, दाढ काढणे, सांधा उघडणे असा मागे घेता न येणारा कोणताही उपचार निदान पक्के होईपर्यंत कोणीही करू नये.